पाचशे चाळीस बोलावणी

डोळे मिटा आणि लग्नाचा एक मांडव डोळ्यांपुढे आणा, असं सांगणार होतो. पण मिटल्या डोळ्यांनी पुढची ओळ वाचता येणार नाही. म्हणून उघड्या डोळ्यांनीच आणा. हा मांडव आजचा नाही. तुम्ही तुमच्या आईबाबांच्या वयाचे व्हाल, त्या सुमाराचा आहे. त्यामुळे टेम्पो विजेवर चालतात, आणि ऊन वाढलं की मांडवाचं कापड आपोआप पांढरं होऊन आत गारवा धरतं. बाकी सगळं तुमच्या ओळखीचं. मसालेभाताचा वास, जिलेबीची कढई, नव्या साड्यांची सळसळ.

आता खुर्च्या मांडा. उजवीकडे नवऱ्याकडची माणसं बसवा, दाटीवाटीने बसवा. डावीकडे नवरीकडच्यांसाठी पाचशे चाळीस खुर्च्या मांडा आणि त्या रिकाम्या ठेवा. पुढच्या रांगेत दहा-बारा जण असू द्या. मांडवाच्या तोंडाशी नवरीची धाकटी बहीण गुलाबदाणी घेऊन उभी आहे. तिचं वय बारा. तासभर झाला, ती उभीच आहे. गुलाबपाणी शिंपडायला समोर कोणी येत नाही.

तिचं नाव शर्वरी जगदाळे. गाव वाठोली, कराडपासून तासाभराच्या वाटेवर. वडील ती लहान असतानाच गेले. आई, स्वप्नाली, पिठाची गिरणी चालवते. गावातलं एकही घर असं नाही, ज्याचा डबा त्या गिरणीत कधी आला नाही. आणि त्याच बाईच्या थोरल्या मुलीच्या, मधुराच्या लग्नाला गाव आलं नाही.

पंगती बसल्या तेव्हा मधुराच्या सासूबाई, आरगावच्या विजयाताई मोहिते, भरल्या मांडवात मोठ्याने म्हणाल्या, "आमची पंगत तीनदा उठली बाई, तुमची एकदा तरी बसू दे! माणसं नव्हती तर आधी बोलायचं होतं, विहीणबाई. हल्ली भाड्यानं मिळतात."

उजवीकडच्या खुर्च्या हसल्या. स्वप्नालीच्या हातातलं वाढप तसंच राहिलं. मधुराने मान खाली घातली ती सासरी जाईपर्यंत वर केली नाही. आणि शर्वरीने गुलाबदाणी खाली ठेवली. ती रडली नाही. तिने विजयाताईंचा चेहरा नीट पाहून घेतला.

तुम्ही विचाराल, गाव आलं का नाही? गाव तर तिथेच होतं. मांडवापासून दोनशे पावलांवर, आपापल्या घरात बसून सनई ऐकत होतं. प्रत्येक घरात एकच बोलणं चाललं होतं. "एवढं लग्न काढलं, आणि आपल्याला साधं बोलावणं नाही?" "तिच्याकडं वीस वर्षं दळण टाकतोय आपण." "बोलावल्याशिवाय कसं जायचं? आपल्याला काही मान आहे का नाही?" एकाही घरातून एकही माणूस उठून विचारायला आला नाही, की बाई, आमचं काय चुकलं? विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण ज्याला बोलावलं नाही, त्याने विचारायला जायचं म्हणजे मान आणखी खाली. म्हणून पाचशे चाळीस माणसं रुसून घरी बसली.

आणि स्वप्नाली? तिने प्रत्येकाला बोलावणं पाठवलं होतं. प्रत्येक नावापुढे दोन टिक दिसत होत्या. पोचलं, म्हणून.

बोलावणं गेलं होतं 'जवळीक'वरून. त्या काळी सगळी माणसं या एकाच ॲपवर असत. साधे फोन बंद झाले होते; बोलणं, लिहिणं, औषधाची चिठ्ठी, शाळेची सूचना, सगळं जवळीकमधून. एक कंपनी, एक दार, आणि प्रत्येक निरोप त्या एकाच दारातून जाणार. दारावर बसवलेलं होतं एक यंत्र. चोरट्यांना पकडणं हे त्याचं काम. एरवी दिवसाला सात-आठ निरोप पाठवणारी बाई एका दुपारी पाचशे चाळीस जणांना एकच मजकूर पाठवते, हे यंत्राला संशयास्पद वाटलं. त्याने ते निरोप अडवून ठेवले. आता यातली खरी मेख ऐका. चोराला आपण पकडलो गेल्याचं कळलं तर तो नवी वाट शोधतो, म्हणून अडवलेल्या निरोपापुढेही दोन टिक दाखवायच्या, असं कंपनीने ठरवलं होतं. चोरासाठी केलेली फसवणूक पिठाच्या गिरणीवाल्या बाईवर चालली. यंत्राला दोघांतला फरक कळत नव्हता आणि कळावा अशी तसदी कोणी घेतली नव्हती.

लग्नानंतर तीन आठवडे गिरणीत डबे येत-जात राहिले; रुसलेल्या गावाने विचारलं नाही, आणि दोन टिक पाहिलेल्या स्वप्नालीनेही नाही. मग यंत्राचा संशय फिटला. एका मंगळवारी दुपारी अडवलेले सगळे निरोप एकदम सुटले, आणि वाठोलीतल्या पाचशे चाळीस फोनांवर एकाच वेळी धून वाजून मजकूर उमटला. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. मधुरा हिचा शुभविवाह...'

अर्ध्या तासात गिरणीपुढे गर्दी झाली. पहिल्या आल्या राजाक्का, भाजीवाल्या. कमरेवर हात.

"स्वप्नाली, थट्टा करतीस का गं? पोरगी नांदायला जाऊन तीन आठवडे झालं आणि आता या म्हणतीस?"

स्वप्नालीने आपला फोन त्यांच्या हातात दिला. राजाक्कांनी तारीख पाहिली. मग दोन टिक पाहिल्या. मग त्या तिथेच गव्हाच्या पोत्यावर बसल्या.

"म्हणजे तू आम्हाला बोलावलं होतंस."

"सगळ्यांना."

"आणि आम्ही सनई ऐकत बसलो," राजाक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

शर्वरी चाळणीपाशी उभी होती. त्या रडण्याने तिचं काही शांत झालं नाही. उलट आता राग नेमका कुणावर धरायचा, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी जवळीकच्या तालुका प्रतिनिधीकडे गेल्या. अक्षय खामकर वाठोलीचाच. त्याचं दुकान एसटी स्टँडसमोर होतं. त्याने ऐकून घेतलं, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि खुर्ची मागे रेलवली.

"वहिनी, शुभकार्य योजना घ्यायला हवी होती. ती घेतली की असे घाऊक निरोप अडत नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"अटींमध्ये असतं की. वाचत नाही तुम्ही लोक. मशीन चुकत नाही वहिनी, माणसं चुकतात."

"माझ्या मुलीच्या लग्नाला कुणी आलं नाही हो."

"आता त्याला मी काय करणार? पुढच्या मुलीच्या वेळी लक्षात ठेवा," खामकर म्हणाला आणि शर्वरीकडे पाहून हसला.

शर्वरी रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "आई, मी या माणसाच्या दुकानात कुत्रंसुद्धा येणार नाही असं करीन."

"असं बोलू नये."

"बोलत नाही. करणार आहे."

गावात मंगल पोतदार नावाच्या मावशी होत्या. सत्तरीच्या. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात तारा, त्या डाग देऊन जोडायची गन आणि उघडी रेडिओखोकी इतकी असत, की पाहुण्याला बसायला जागा शोधावी लागे. शर्वरीने त्यांना एकच विचारलं. "मावशी, कुणीच अडवू शकणार नाही असा निरोप असतो का?"

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "असतो. आहे. वीस वर्षांपासून आहे. लोक घेत नाहीत, एवढंच. त्याला उंबरा म्हणतात."

मग त्यांनी तिला जे समजावलं, ते तुम्हीही समजून घ्या; अवघड नाही.

"तुमच्या गिरणीत डब्यांची रांग असते ना? डबा ठेवून माणूस बाजारात निघून जातो. मागचा माणूस तो डबा पुढे सरकवतो. उघडतो का?"

"नाही."

"का नाही?"

"दुसऱ्याचा डबा कोण उघडेल?"

"बरोबर. आता समज, डब्याला कुलूपही आहे. कुलपं फुकट वाटलेली आहेत. तुझी कुलपं मी गावभर वाटते, उघडीच. ज्याला तुला काही पाठवायचं, त्याने डब्यात ठेवायचं आणि तुझं कुलूप दाबून बंद करायचं. दाबून बंद होतं, पण उघडायची किल्ली एकच, आणि ती तुझ्याजवळ. मग डबा शंभर हातांतून सरकला तरी आत काय आहे ते कुणाला कळणार नाही. उंबरा म्हणजे तेवढंच. प्रत्येक घरात हे एवढं खोकं," त्यांनी तळहाताएवढी डबी दाखवली, "हे त्या घराचं पोस्ट ऑफिस. शेजारच्या खोक्याशी रेडिओवर बोलतं, लांबच्याशी तारेवरून. एक बंद पडलं तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. मधे मोठं दार नाही, म्हणून दारावर यंत्र नाही."

"याचा मालक कोण?"

"मराठीचा मालक कोण? कुणी नाही. कसं बोलायचं याचे नियम लिहून उघड्यावर ठेवलेत. ते पाळेल त्याने बोलावं. मी खोकं बनवीन, तू बनव, पलीकडच्या गावात आणखी कुणी बनवेल. सगळी एकमेकांशी बोलतील."

"मग खामकर बंद."

मावशींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "बाळ, हे कुणाला बंद करण्यासाठी बनवलेलं नाही. ज्यात कुणाला अडवता येत नाही, त्यात खामकरलाही अडवता येत नाही."

"ते मी बघीन," शर्वरी म्हणाली आणि डबी उचलली.

गिरणीत पीठ दळून होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला काम नसतं. शर्वरीने ती दहा मिनिटं पकडली. शाळेतून आली की ती गिरणीत उभी राही आणि आलेल्या प्रत्येकाला सांगे. प्रत्येक जण सारखंच उत्तर देई.

"माझी सगळी माणसं जवळीकवर आहेत गं. मी एकटी तुझ्या उंबऱ्यावर काय करू? रांगोळी काढू?"

"तुमच्या माणसांनी पण काल हेच सांगितलं."

"मग त्यांना आधी घे. मी येते मागनं."

पंधरा दिवसांत फक्त नऊ घरं आली, त्यातली चार मावशींच्या भिडेने. शर्वरीच्या लक्षात आलं, की एकेका माणसाला सांगून उपयोग नाही. माणूस एकटा घर बदलत नाही, वाडीच्या वाडी उठते. मग ती तुकाराम डुबल यांच्याकडे गेली. ते वाठोलीचं पाणी सोडत. गावात कुठल्या आळीला कधी पाणी येणार, हे फक्त त्यांना ठाऊक असे, आणि तेही रोज वेगळं.

"डुबलमामा, तुम्हाला मधुराताईच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं?"

"आलं की. तीन आठवड्यांनी." डुबल ओशाळले. "लय लागलं गं मनाला. तुझ्या बापाचा आणि माझा एक वर्ग."

"मग उद्यापासून पाण्याची वेळ फक्त उंबऱ्यावर सांगा."

डुबलमामांनी डोकं खाजवलं. "बायका मला माझ्याच पाणी सोडायच्या चाव्यांनी मारतील."

"मारणार नाहीत. माझ्याकडे येतील."

आल्या. पहिल्या दिवशी बत्तीस, दुसऱ्या दिवशी सत्तर. मावशींना खोकी पुरवता येईनात. मग दहावीची मुलं त्यांच्याकडे डाग द्यायला बसली. ज्यांना पाणी पुरेसं होतं त्यांना तालमीच्या पोरांनी ओढलं, तालमीला भजनी मंडळाने. शेवटी शेवटी लोक स्वतःच विचारत येऊ लागले, "काय गं, ते खामकरचं नाक कापायचं खोकं इथंच मिळतं ना?" शर्वरी मान हलवून हो म्हणे. राग पसरवणं किती सोपं असतं, हे तिला तेव्हा कळलं. चांगुलपणा पसरवायला ती पंधरा दिवस झटली होती आणि नऊ घरं मिळाली होती.

महिनाअखेर वाठोलीत जवळीक उघडून पाहणारं माणूस उरलं नाही. खामकर दुकानात एकटा बसलेला दिसे. शर्वरी शाळेतून येताना मुद्दाम एसटी स्टँडवरून येई, चालण्याचा वेग कमी करून.

पण एक गोष्ट तिने सगळ्यांत आधी केली होती, पहिल्याच दिवशी. स्वतःच्या घरचं जवळीकचं खातं तिने बंद केलं होतं. आईला कळल्यावर तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आणि मधुरा?"

"ताईला मी उंबऱ्यावर आणते."

"कशी आणशील? त्या घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं आहे. विजयाताईंच्या हातात. दुसरं काही ठेवायला त्या देणार आहेत का तिला?"

"महिनाभर थांब, आई."

महिनाभर मधुराचा आवाज माहेरी ऐकू आला नाही. आई दळता दळता मधेच गिरणी बंद करून दाराकडे बघे. शर्वरीला ते दिसे. पण तिच्या मनात एक मोठा बेत शिजत होता, आणि मोठा बेत शिजत असला की जवळचं दिसेनासं होतं.

बेत असा. गावाचा आहेर करायचा राहिला होता ना? मग गावाने आता जायचं. आरगावला, विजयाताईंच्या दारात, सगळ्यांनी एकदम. भाड्याने न आणलेली माणसं किती असतात, ते त्यांना मोजू द्यायचं. शर्वरीने चार ओळी लिहून उंबऱ्यावर टाकल्या. 'मधुराताईच्या लग्नाला यायचं राहिलं त्यांनी येत्या रविवारी आरगावला यायचं. सकाळी नऊला गिरणीपासून गाड्या निघतील.' मागच्या वेळी जे घडलं नाही ते या वेळी घडलं. शेवटच्या आळीतल्या शेवटच्या घरी निरोप पोचायला पूर्ण एक मिनिटही लागलं नाही.

रविवारी एकोणीस टेम्पो निघाले. तीनशेच्या वर माणसं. राजाक्का नवं लुगडं नेसून पुढच्या टेम्पोत, मांडीवर साडीचोळीचं ताट. डुबलमामांनी गावाला आदल्या दिवशीच पाणी सोडून ठेवलं होतं. स्वप्नाली मात्र आली नाही. "मुलीच्या दारात भांडायला जायचं नसतं," एवढंच म्हणून ती गिरणीत थांबली. मंगलमावशी शर्वरीशेजारी येऊन बसल्या.

"काय बोलेल गं ती सासू?" टेम्पोत कुणीतरी विचारलं.

"बोलंल काय? दार लावून घेईल."

"लावू दे. आम्ही ओट्यावर बसतो. चहा पाजल्याशिवाय हलायचं नाही!"

सगळे खदखदून हसले. शर्वरी सगळ्यांत मोठ्याने हसली.

आरगावच्या वेशीवर, शाळेच्या वळणावर, एक मोटारसायकल आडवी उभी होती. तिच्याशेजारी अक्षय खामकर. घामाघूम.

"थांब. शर्वरी, खाली उतर. तुझ्या ताईचा निरोप आहे."

"ताई तुम्हाला कशाला निरोप देईल?"

"कारण वाठोलीत जवळीकवर मीच एकटा उरलोय." त्याने फोन पुढे केला. "वाच. तुझ्या आईच्या खात्यावर तिनं चार दिवसांत अकरा निरोप टाकले. सगळ्यांना दोन टिक."

"ते खातं बंद आहे."

"बंद खात्यालाही दोन टिकच दाखवतात. माणसं सोडून चालली आहेत, हे उरलेल्यांना कळू नये म्हणून." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मला हे ठाऊक होतं. विकताना बरं वाटायचं. आता माझे निरोप पण असेच जातात. आज शेवटी तिनं मला लिहिलं. मी आलो नसतो तरी कुणाला कळलं नसतं."

शर्वरीने वाचलं.

'शरू, तुम्ही सगळे येताय असं बाजारात कळलं. हे सासूबाईंचा फोन चोरून लिहितेय, मग पुसून टाकीन. येऊ नका गं. सासूबाईंना धडा शिकवशील, पण तीनशे लोकांचा चहा मलाच करावा लागेल. आणि तुम्ही गेल्यावर वर्षभर त्या जे बोलतील, तेही मलाच. तुझं बोलणं झालं की तू टेम्पोत बसून जाशील. मी इथेच राहणार आहे. आई, तू तरी वाच. तुम्ही दोघी वाचून गप्प का बसता? माझं काही चुकलं का?'

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. मांडवाशेजारच्या घरांत बसलेल्या पाचशे चाळीस माणसांनी हेच विचारायला हवं होतं. ताईने विचारलं होतं, अकरा वेळा. आणि तिच्यापुढे खोट्या टिक दाखवणारं यंत्र जरी कंपनीचं असलं, तरी खात्याचं दार शर्वरीने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं.

ती वळली आणि टेम्पोसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "आपण परत जाऊया. ताई नको म्हणतेय."

राजाक्का टेम्पोतूनच वाकल्या. "परत? का म्हणून?"

"मी बोलावलं होतं, मीच सांगते. परत चला."

"तू कोण सांगणार? बोलावणं मला आलंय. आहेर माझा आहे. तूच सांगितलंस ना, याला मालक नसतो म्हणून?"

शर्वरीने उंबऱ्यावर दुसरा निरोप टाकला, 'परत फिरा'. तोही मिनिटभरात पोचला, सगळ्यांनी वाचला, आणि कुणी फिरलं नाही. ज्या वाटेवर कुणाचा हुकूम चालत नाही, तिथे बारा वर्षांच्या मुलीचाही चालत नाही. पुढचे दोन टेम्पो खामकरच्या मोटारसायकलला वळसा घालून गल्लीकडे निघालेसुद्धा.

तिने मंगलमावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "निरोप परत घेता येत नाही, बाळ. पण त्याच्या आधी पोचता येतं."

"खामकरकाका," शर्वरी म्हणाली, "गाडी चालू करा."

मागच्या बोळातून मोटारसायकल मोहित्यांच्या परसदारी थांबली तेव्हा पुढच्या दारी पहिला टेम्पो थांबत होता. स्वयंपाकघरात मधुरा एकटी होती. तिने सर्वांत मोठं पातेलं काढून ठेवलं होतं आणि त्याच्या काठावर हात टेकून ती उभी होती, खूप लांबून चालत आल्यासारखी. बाहेरून विजयाताईंचा आवाज आला, "अगं बाई, एवढी माणसं! मधुरा, ए मधुरा, ही कुठली गं माणसं?"

शर्वरी परसदारातून आत आली.

"वाचलंस?" मधुराने विचारलं.

"आत्ता. पाच मिनिटांपूर्वी. ताई, मी खातं बंद केलं होतं. तुझं काही चुकलं नाही."

मधुराने पातेल्यावरचा हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला.

"आता ती माणसं माझं ऐकत नाहीत," शर्वरी म्हणाली. "आत येणारच आहेत. तू पदर नीट कर आणि बाहेर जा. सासूबाईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बस. एकेकाचा आहेर घे. सावकाश घे. कुणी उठ म्हटलं तरी उठू नकोस."

"आणि चहा?"

शर्वरीने पातेल्याकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं. बाहेर ओट्यावर राजाक्कांचा खणखणीत आवाज लागला होता, "वाठोलीच्या आम्ही! बोलावणं उशिरा पोचलं विहीणबाई, म्हणून यायला उशीर झाला! खुर्च्या कमी पडतील हो तुमच्या!" विजयाताईंचा आवाज त्यानंतर ऐकू आला नाही. मधुराने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ती माजघर ओलांडून ताठ मानेने बाहेर गेली.

शर्वरीने बाह्या कोपराच्या वर सारल्या. ते पातेलं तिला एकटीला उचलवेना, म्हणून तिने ते शेगडीपर्यंत ढकलत नेलं, कळशीने पाणी ओतलं आणि आच मोठी केली. मग परसदारात घुटमळणाऱ्या अक्षय खामकरच्या हातात कपबशांचा सर्वांत मोठा ट्रे दिला.

"पहिला कप विजयाताईंना," ती म्हणाली. "मग सगळ्यांना. एकही माणूस वगळायचा नाही. प्रत्येकाच्या हातात पोचला की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या आणि मला येऊन सांगा."

आणि ती आलं ठेचायला बसली.